मासेवाल्याच्या रांगेत शेवटचा कोण?

वाल्देकोर्सा,
मंगळवार, जेवणाची भांडी घासून झाल्यावर

माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या आणि तीस वर्षांनी हट्टी अशा ओनोरीनाताईस,

धाकट्या लेओकादियाकडून दोन्ही गालांवर एकेक मुका आणि पाठीत एक धपका. मुके रीतीप्रमाणे आहेत. धपका मनापासून आहे, आणि तो कशाबद्दल ते तुला हे वाचायच्या आधीच कळलं असणार.

तुझा खुबा कसा आहे, असं विचारायला हवं म्हणून विचारते. तू "बरा आहे" म्हणणार. आपल्या आईच्या दोन्ही टाचा फुटून रक्त यायचं तेव्हा तीही "बरं आहे" म्हणायची, आणि बाबा तर शेवटच्या दिवशीसुद्धा डॉक्टरांना म्हणाले की मला काही झालेलं नाही, तुम्ही दमलेले दिसता. पण तुझ्या नीएवेसने मला रविवारी फोन केला. (पोरीवर चिडू नकोस. तिने चुगली केली नाही, ती रडली. दोन्हीत फरक आहे.) ती म्हणाली, इस्पितळातून ऑपरेशनसाठी दोनदा बोलावणं आलं आणि दोन्ही वेळा आईने सांगितलं, "माझी पाळी मागच्याला द्या." पहिल्या वेळी म्हणे गॅलरीतल्या जिरेनियमना पाणी कोण घालणार, आणि दुसऱ्या वेळी पडदे धुवायला टाकले होते. ओनोरीना, गिजोनमध्ये पाऊस अकरा महिने असतो, तुझ्या जिरेनियमना पाणी नको, छत्री हवी. आता येत्या शुक्रवारी तिसरा फोन येणार आणि तेव्हाही नाही म्हणालीस तर नाव यादीच्या तळाशी जाणार. म्हणजे आणखी वर्षभर तू स्वयंपाकघरातून संडासापर्यंत भिंतीला धरून जाणार, आणि मला लिहिणार की बरं आहे.

यावर मी उपदेश करणार नाही. अडतीस वर्षं शाळेत उपदेश केला, त्याचा परिणाम म्हणून गावातली सगळी मुलं माद्रिदला निघून गेली आणि शाळा बंद पडली. मी तुला फक्त आमच्याकडे काय रामायण झालं ते सांगते. (अक्षर फार मोठं आलंय आणि ओळी उजवीकडे उतरतायत, त्याकडे लक्ष देऊ नकोस. पेन नवीन आहे.)

तुला आठवत असेल, पंचायतीने मला जुन्या शाळेची खोली वापरायला दिली आहे, आठवड्यातून दोन दुपारी परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवायला. परदेशी लोक म्हणजे एक इंग्रज जोडपं, जे फक्त आमच्या शेगडीच्या उबेसाठी येतं आणि शिकवायला लागले की डुलक्या काढतं, आणि एक फ्राउके. फ्राउके हॉलंडची. उंची आपल्या कपाटाइतकी, वय साठ, केस पांढरे आणि आखूड. तिने एलादिओचं पडकं घर विकत घेतलं आणि एका उन्हाळ्यात स्वतः त्यावर कौलं घातली. गावातले पुरुष रोज खाली उभे राहून ती कौलं चुकीची कशी लावते ते तिला सांगत असत, आणि तिला एक अक्षर कळत नसल्यामुळे घर उत्तम झालं. पण बाई जिद्दी. म्हणाली, मला इथेच मरायचंय, तर निदान इथे भांडता तरी आलं पाहिजे. अशी विद्यार्थिनी मला अडतीस वर्षांत मिळाली नव्हती.

तर मी ठरवलं की हिला पुस्तकातलं ‘पेद्रोचं पेन टेबलावर आहे’ वगैरे शिकवायचं नाही. पेद्रोच्या पेनाने या गावात कोणाचं काही अडत नाही. मी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं, जे आपण जन्मल्यापासून दिवसातून चार वेळा म्हणतो: ‘किएन एस एल उल्तिमो?’ शेवटचा कोण आहे? आणि तिला म्हटलं, बाई, सगळं व्याकरण या चार शब्दांत आहे, हे पचलं की तू स्पॅनिश झालीस.

(मी फुशारकी मारत नव्हते. तूच बघ. पहिला शब्द प्रश्नाचा, झालं. शेवटच्या शब्दात बाई-पुरुष आले: रांगेत सगळ्या बायका असल्या तर ‘शेवटची’ कोण विचारायचं, आणि बारा बायकांत एक पुरुष उभा असला की सगळी रांगच पुरुष होते, मग तो पुरुष गावातला एउफ्रासिओ का असेना. फ्राउके म्हणाली हा अन्याय आहे. मी म्हटलं अन्याय आहे, लिहून घे. आणि मध्ये ते आपलं ‘आहे’. आपल्याकडे दोन ‘आहे’ आहेत, एक कायमचं आणि एक तेवढ्यापुरतं. मी बाई आहे ते कायमचं, मी दमले आहे ते तेवढ्यापुरतं. फ्राउकेने लगेच हात वर केला: रांगेत शेवटचं असणं तर पाच मिनिटांचं, मग इथे कायमचं ‘आहे’ कसं? अडतीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी पूर्ण आत्मविश्वासाने सांगितलं, "कारण तसंच असतं." इंग्रज जोडप्याने झोपेतच मान हलवली.)

मग मी गृहपाठ दिला. तीच माझी चूक, आणि मी ती इथे लेखी कबूल करते, कारण गावात तोंडी कबूल केलेली नाही. मी म्हटलं, फ्राउके, आठवडाभर जिथे म्हणून चार माणसं दिसतील तिथे जायचं, हे वाक्य स्पष्ट विचारायचं आणि उत्तर ऐकायचं. किमान दहा वेळा. ती वहीत दहा चौकोन आखून गेली.

आता तूच आठव, आपल्याकडे रांग कशी असते. रांग दिसते का कधी? दवाखान्यात माणूस येतो, "शेवटचा कोण?" विचारतो, कोणीतरी हात वर करून "सेर्विदोरा", म्हणजे आपली सेवेकरी, असं म्हणतं, आणि झालं. तेवढं ऐकून तो बारमध्ये कॉफी प्यायला जातो, ती घरी वाटाणे ढवळून येते, कोणी उन्हात बाकावर बसतं. रांग सगळी डोक्यात. फक्त आपल्यापुढचा कोण तेवढं लक्षात ठेवायचं, आणि मागून येणाऱ्याला आपण दिसायचं. हे मी तिला शिकवलं नाही. कोण शिकवतं? मला तरी कुठे कोणी शिकवलं होतं?

सोमवारी डॉक्टर आले. (ते फक्त सोमवारी येतात, साडेअकराला येऊन साडेबाराला पुढच्या गावाला जातात.) दवाखान्यात विसितासिओन बसली होती, तीच ती, जिला आपण शाळेत मेंढी म्हणायचो आणि जी अजून माझ्याशी त्याच रागात बोलते. फ्राउके आली, खणखणीत आवाजात विचारलं, "शेवटचा कोण आहे?" विसितासिओन म्हणाली, "सेर्विदोरा." फ्राउकेने आभार मानले, वहीतला पहिला चौकोन भरला आणि आनंदाने निघून गेली. त्यानंतर एउफ्रासिओ आला. त्याने विचारलं, विसितासिओनने सांगितलं, "माझ्यामागे ती हॉलंडवाली." झालं! विसितासिओन आत जाऊन रक्तदाब मोजून बाहेर आली. डॉक्टरांनी दारातून विचारलं, पुढचं कोण? कोणी नाही. एउफ्रासिओ बसलेला, त्याच्यामागे आणखी पाच जण बसलेले, आणि सगळे म्हणतात, परदेशी बाईचा नंबर आहे, तिच्याआधी कसं जाणार? डॉक्टर नवीन, शहरातले, त्यांना वाटलं गाव थट्टा करतंय. अर्धा तास सहा आजारी माणसं एका निरोगी बाईची वाट बघत बसली. मग डॉक्टरांनी बॅग उचलली आणि गाडी सुरू केली. एउफ्रासिओचं गळू तसंच राहिलं. (कुठे आहे ते विचारू नकोस. तो उभ्याने जेवतो एवढं सांगते.)

मंगळवारी तेच पावाच्या गाडीवर, बुधवारी केस कापायच्या दुकानात. तिथे तर फ्राउके एका सकाळी दोनदा गेली, दोन चौकोन भरले, आणि तीन बायका स्वतःच्याच मागे-पुढे झाल्या, ते भांडण अजून चालू आहे. पण स्फोट झाला तो गुरुवारी. गुरुवारी एवारिस्तो मासेवाल्याची गाडी येते, कारंज्याजवळ थांबून भोंगा वाजवते, तुला माहीतच आहे. फ्राउके आली, विचारलं, वहीत शेवटचा चौकोन भरला आणि गेली. एवारिस्तोकडे एकच मोठा मेर्लूसा मासा उरला होता, आणि फ्राउकेच्या पुढे विसितासिओन नव्हती, मागे होती. एउफ्रासिओ तिच्या मागे. विसितासिओनला सोमवार लक्षात होता. ती सरळ गाडीपाशी गेली आणि मासा मागितला.

"थांब!" एउफ्रासिओ ओरडला. "तुझ्यापुढे हॉलंडवाली आहे."

"ती कुठे आहे दाखव."

"सोमवारी मी नाही गेलो आत! ढुंगण सुजलं तरी नाही गेलो. आणि तू माशासाठी जातेस?"

"तुझ्या ढुंगणाचा कायदा मला सांगू नकोस," असं म्हणून विसितासिओनने मासा शेपटीकडून धरला. एउफ्रासिओने डोक्याकडून धरला. एवारिस्तो म्हणाला, मी वीस वर्षं या गावात येतोय, आधी पैसे द्या मग फाडा. आणि त्या क्षणी दोघांनाही मी दिसले, टोपली घेऊन येणारी. मासा दोघांनी सोडून दिला. मला वाटलं, चला, शहाणपण सुचलं. पण नाही.

"मास्तरीणबाई," एउफ्रासिओ म्हणाला, "आमच्या पोरांना शिकवलंत, ती गेली. आता ही आली आहे ती जाऊ नये म्हणून आम्ही गप्प बसतो. पण तुम्ही तिला प्रश्न शिकवलात आणि उत्तर शिकवलं नाहीत. रांगेत उभं राहायचं म्हणजे नुसतं विचारायचं नसतं, बाई. मागच्यासाठी थांबायचं असतं."

ओनोरीना, एउफ्रासिओ माझ्या वर्गात तीन वर्षं एकाच इयत्तेत बसला होता. त्याने मला चौकात धडा दिला, आणि तो बरोबर होता. मी मासा न घेता घरी आले.

दुपारी मी फ्राउकेला सगळा कायदा समजावला, जरा कडक शब्दांतच. म्हटलं, शेवटचं असणं हे काम आहे. पुढच्याने तुझ्यावर रांग सोपवली, आता मागून कोणी येऊन विचारेपर्यंत आणि तू "सेर्विदोरा" म्हणून त्याच्या हातात रांग देईपर्यंत हलायचं नाही. रांग टाकून जाणारा माणूस एकटा जात नाही, मागच्या सगळ्यांना बुडवून जातो. (हे बोलताना मला तू आठवली नव्हतीस. नंतर आठवलीस.) फ्राउकेचे कान लाल झाले. तिने सगळं लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या आणि वही मिटून गेली. मला वाटलं गेली हातची.

पुढच्या गुरुवारी मी माशांना गेलेच नाही. रुसले होते म्हण. एउफ्रासिओचं तोंड बघायचं नव्हतं. भोंगा वाजला, तासाभराने गाडी गेल्याचा आवाजही आला. मी मसुराची आमटी उकळत ठेवली आणि खिडकीतून पाहिलं तर कारंज्याजवळ बारवाल्याने मोठी छत्री मिटून उभी करून ठेवलेली. मनात म्हटलं, एवढ्या उन्हात छत्री मिटतो, गाढव आहे. दोन वाजता दारावर धडाधड. विसितासिओन. साठ वर्षांत पहिल्यांदा माझ्या दारात.

"लेओकादिया, तुझी बाई कारंज्यापाशी उभी आहे. हलत नाही."

"ती छत्री आहे."

"छत्रीच्या हातात तारल्या आहेत का? चार मांजरं जमली आहेत. चल!"

मी एप्रनसकट धावले. फ्राउके खांबासारखी उभी, हातात तारल्यांची पिशवी, त्यातून पाणी ठिबकतंय, मांजरं रांगेत बसलेली (त्यांची रांग मात्र दिसत होती). झालं होतं असं की ती सगळ्यात शेवटी आली, मासे घेतले, आणि तिच्यामागे कोणी आलंच नाही. गाडी गेली. लोक घरी गेले. पण तिला कोणी विचारलं नव्हतं शेवटचा कोण, म्हणून तिने रांग सोडली नाही. दीड तास! बारवाल्याने जा म्हणून सांगितलं, एउफ्रासिओने स्वतः येऊन सांगितलं, बाई, माफ करा, चला, सावलीत तरी या. तिने त्याला वही उघडून नियम दाखवला. तो बिचारा म्हणाला, बरं, मी तुमच्यामागे येतो, मला द्या रांग. तर म्हणते, "तुम्ही मासे घेतले आहेत. तुम्ही शेवटचे कसे?" अख्ख्या चौकात मासे न घेतलेली एकच बाई होती, आणि ती घरी रुसून आमटी करत होती.

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. हसायचं की रडायचं तेच कळेना, म्हणून शाळेतल्या आवाजात विचारलं, "शेवटचा कोण आहे?"

फ्राउकेने पाठ सरळ केली. नाक उन्हाने भाजून सोलायला लागलं होतं. हात वर करून ती म्हणाली, "सेर्विदोरा." उच्चार असा, की आपल्या आईनेसुद्धा नावं ठेवली नसती. मग तिने खांदे सैल सोडले, तारल्या मांजरांना टाकल्या आणि बारच्या पायरीवर बसकण मारली. विसितासिओनने तिच्या डोक्यावर ओलं फडकं ठेवलं. एउफ्रासिओने वाईन आणली आणि उभ्यानेच प्याला. मी मात्र तिथेच उभी, आणि तेव्हा विसितासिओन, जी मेंढी ती मेंढीच, म्हणाली, "लेओकादिया, आता शेवटची तू."

तेव्हापासून मी शेवटची आहे. माझी आमटी करपली. गावात आता येता-जाता मला विचारतात, बाई, अजून उभ्या का? आणि फ्राउकेला त्या दिवसापासून कोणी हॉलंडवाली म्हणत नाही, आमची फ्राउके म्हणतात, आणि तिची कौलं चुकीची असल्याचं पुन्हा सांगायला लागले आहेत. ती आता उलट उत्तर देते.

हे सगळं आठवत मी रविवारी भांडी घासत होते आणि नीएवेसचा फोन आला. "आईने पाळी मागच्याला दिली." ओनोरीना, मला आपली शनिवारची आंघोळ आठवली. एकच टब, एकच पाणी, सात भावंडं, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत. मी शेवटची. माझ्यापर्यंत पाणी यायचं ते राखाडी आणि थंडगार, पण मी कधी रडले नाही, कारण तुझ्या परकराची नाडी माझ्या मुठीत असायची आणि तू आत उतरलीस की ओरडून सांगायचीस, "गरम आहे गं, घाबरू नकोस!" खोटं सांगायचीस. मी दर शनिवारी विश्वास ठेवायची. आता पुढचे पाचही जण गेले, आणि एकानेही जाताना मागे वळून सांगितलं नाही पाणी कसं आहे. रांगेत आपण दोघीच. माझ्यापुढे तू. तू बाजूला झालीस तर मी कोणाच्या मागे उभी राहू? मला भीती वाटते, ताई. सरळ सांगते, शिक्षकी बाजूला ठेवून सांगते.

शुक्रवारी फोन आला की पडद्यांचं नाव काढू नकोस. जिरेनियम मरू देत. त्यांनी नाव पुकारलं की हात वर करून एवढंच म्हण, जे फ्राउकेला दहा दिवसांत जमलं.

नीएवेसला आणि तिच्या पोरांना माझे आशीर्वाद, आणि तुझ्या मांजराला नाही, ते मला चावलं होतं.

तुझी सेवेकरी, आणि मासेवाल्याच्या रांगेत अद्याप शेवटची,
लेओकादिया

ता. क. सोबत दोन चोरीसो सॉसेज पाठवते. ऑपरेशननंतर खायचे. आधी खाल्लेस तर मला वासाने इथे कळेल.

दुसरा ता. क. पत्र फ्राउके पोस्टाच्या गाडीवर देणार आहे. गाडीपाशी नेहमी चार माणसं असतात. ती व्यवस्थित उभी राहील आणि मागे एकाला रांग देऊनच येईल. म्हणजे हे पत्र शुक्रवारच्या आत पोचणार, मिळालं नाही असं सांगायची सोय नाही.

तिसरा ता. क. नीएवेस तुला सांगेल की मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहेत, मोठ्या इस्पितळातून तिलाही दोनदा बोलावणं आलं आणि तिने दोनदा पाळी मागच्याला दिली. धादांत खोटं आहे. बरं, खरं आहे. पेन जुनंच आहे, आणि साठ पावलांवरची फ्राउके मला छत्री दिसली. मला पुन्हा सोमवारी फोन येणार आहे. तू शुक्रवारी हो म्हणालीस की मी सोमवारी हो म्हणेन. त्याआधी मी हलणार नाही, मी तुझ्यामागची आहे. आत उतरलीस की ओरडून सांग पाणी गरम आहे म्हणून. खोटं सांगितलंस तरी चालेल.